लिथियमची बॅटरी : तिचें भरण आणि पालन

गुलटेकडीच्या मार्केट यार्डाचा दिवस सूर्याची वाट पाहत नाहीं. पुणें शहर अजून पांघरुणांत असतें, त्या वेळीं पुरंदर, खेड, जुन्नर, शिरूर अशा तालुक्यांतून भरून आलेल्या गाड्या तेथें रिकाम्या होऊं लागलेल्या असतात. हमालांच्या पाठीवरून पोतीं गाळ्यांवर येतात, पालेभाजीचा शेकड्यावर भाव ठरतो, आणि उजाडण्यापूर्वींच किरकोळ विक्रेत्यांची पहिली फळी माल बांधून परतीच्या वाटेला लागते. ह्या परतणाऱ्यांत टेम्पो असतात, तीन चाकी रिक्षा असतात, आणि दोन्ही अंगांस पोतीं लटकावलेल्या मोटारसायकलीहि पुष्कळ असतात. कोथिंबिरीची जुडी पहाटे चार वाजतां जशी असते तशी सकाळीं नऊ वाजतां राहत नाहीं. म्हणून ह्या लोकांच्या व्यवहारांत एक क्षण मोठा मोलाचा आहे : हँडलवरचें बटन अंगठ्यानें दाबलें जातें तो. इंजिन सुरू झालें तर दिवस सुरळीत लागला. नुसतें 'टक्' असें वाजलें तर दिवस बुडाला.

हें बटन दिसावयास क्षुल्लक. परंतु त्याच्या मागें एक पेटी असते, ती म्हणजे बॅटरी. पूर्वीं तिचें एवढें महत्त्व नव्हतें. पुण्याच्या रस्त्यांवर १९७२ सालीं बजाज चेतक व कायनेटिक लुना हीं दोन वाहनें आलीं, तेव्हां पहिलीला पायानें किक मारावी लागे आणि दुसरीला सायकलीप्रमाणें पायडल. विजेनें इंजिन फिरविण्याची युक्ति मात्र फार जुनी. चार्ल्स केटरिंग ह्या अमेरिकन यंत्रज्ञानें ती सिद्ध केली व १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारींत ती प्रथम बसली. दुचाकीवर ती सावकाश आली, पण आली ती ठाण मांडून बसली. १ एप्रिल २०२० पासून भारतांत धुराचे भारत-६ हे नियम लागू झाले. तेव्हांपासून बहुतेक नव्या मोटारसायकलींत पेट्रोल विजेच्या पंपानें व गणकयंत्राच्या हिशेबानें आंत सोडलें जातें. कित्येक गाड्यांची किकहि गेली. अर्थात् बॅटरी निर्जीव झाली म्हणजे आतां गाडीहि जवळजवळ निर्जीवच होते.

ही पेटी आजवर शिशाची असे. फ्रेंच शास्त्रज्ञ प्लांटे ह्यानें १८५९ सालीं शिशाचे पत्रे व गंधकाम्ल ह्यांपासून पुन्हां पुन्हां भरतां येणारा घट बनविला; त्याचाच वंश आजतागाईत चालू आहे. तो स्वस्त आहे, दणकट आहे, चुका पोटांत घालणारा आहे. मात्र जड आहे. अलीकडे त्याच्या जागीं लिथियमची बॅटरी मिळूं लागली आहे. लिथियम हा सर्व धातूंत हलका. १८१७ सालीं स्वीडनमधील आर्फ्वेडसन ह्यास तो एका खनिजांत सांपडला, आणि दगडांतून निघाला म्हणून ग्रीक भाषेंतील 'दगड' ह्या अर्थाच्या शब्दावरून त्याचें नांव पडलें. ह्या धातूवर चालणारी, पुन्हां भरतां येणारी बॅटरी १९९१ सालीं जपानांत सोनी कंपनीनें बाजारांत आणली, आणि तिच्या पायाभूत संशोधनासाठीं गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो ह्या तिघांस २०१९ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

मोटारसायकल सुरू करणाऱ्या लिथियम बॅटरींत मात्र बहुधा निराळें रसायन असतें : लिथियम, लोह व फॉस्फेट ह्यांचें. तें १९९७ सालीं गुडइनफ ह्यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केलें, आणि त्या सहकाऱ्यांत पाधी व नंजुंडस्वामी हे दोघे भारतीय होते. हें रसायन मोबाईलमधील कोबाल्टयुक्त रसायनापेक्षां अधिक शांत प्रकृतीचें आहे. जर्मनीच्या पोर्शे कंपनीनें २०१० सालापासून आपल्या कांहीं वेगवान मोटारींसाठीं अशी बॅटरी देऊं केली. तिचें वजन सहा किलोंहून कमी, म्हणजे नेहमींच्या बॅटरीपेक्षां दहा किलोंनीं कमी होतें. तरीहि कडाक्याच्या थंडीसाठीं म्हणून गिऱ्हाईकास नेहमींची बॅटरीहि सोबत दिली जाई. करणाऱ्यांनाच तिच्या मर्यादा ठाऊक होत्या. विकत घेणारास त्या ठाऊक असतातच असें नाहीं, आणि आजच्या भाषणाचा विषय निघतो तो येथूनच.

विषय स्पष्ट व्हावा म्हणून एक कल्पित प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. बिबवेवाडींत राहणारे एक भाजीविक्रेते. वय पन्नाशीच्या पुढें. रोज पहाटे मोटारसायकलीवरून मार्केट यार्डांत जावें, माल आणावा, आणि आठापर्यंत गल्लीच्या कोपऱ्यावर हातगाडी लावावी, हा त्यांचा वीस वर्षांचा परिपाठ. मुलगा कारखान्यांत नोकरीस. वडिलांच्या गाडीची बॅटरी थकली तेव्हां मुलानें हौसेनें लिथियमची बॅटरी आणून बसविली. जुनी तीन किलोंची. नवी एक किलोचीहि नव्हे. वेष्टनावर लिहिलें होतें, '१२ अँपिअर-तास'. गाडी बटनाला हात लागतांच सुरू होऊं लागली. म्हातारी आजी म्हणाली, "पोरानें बापाचें ओझें हलकें केलें." गाडी चोरीस जाऊं नये म्हणून तिचा ठावठिकाणा फोनवर कळविणारा एक लहानसा ट्रॅकरहि त्यानें बॅटरीस जोडून दिला.

चैत्रांत गांवची जत्रा आली. घरचीं सर्व माणसें दहा दिवस गांवीं गेलीं. गाडी पुण्यांत उन्हांत उभी राहिली. परतल्यावर रविवारीं पहाटे, म्हणजे आठवड्यांतील मोठ्या आवकेच्या दिवशीं, त्यांनीं बटन दाबलें. 'टक्' असाहि आवाज आला नाहीं. रिक्षा करून ते यार्डांत पोंचले तोंपर्यंत चांगला माल उचलला गेला होता. उरलेला चढ्या भावानें घेतला, रिक्षाचें भाडें वर पडलें, आणि त्या दिवसाचा नफा तेथेंच संपला.

संध्याकाळीं शेजाऱ्यानें प्रेमानें आपला चार्जर आणून दिला. तो शिशाच्या बॅटरीचा. त्यावर एक कळ होती. मेलेली बॅटरी जिवंत करणारी, असें तो म्हणाला. दाराच्या आंतल्या बाजूस, चपलांच्या फळीजवळ बॅटरी ठेवून, कळ दाबून मंडळी जेवावयास बसली. तासाभरानें आजीला कसलासा गोड वास आला. नखांना लावावयाच्या रंगासारखा. तिनें हांक मारली. पाहतात तों पेटीची एक बाजू पुरीसारखी फुगलेली, आणि हात जवळ नेला तर चटका बसावा इतकी ऊब. मुलानें प्रथम भिंतीवरचें बटन बंद केलें. धूर निघत नव्हता, म्हणून जाड गोणपाटांत धरून त्यानें ती अंगणाच्या मोकळ्या कोपऱ्यांत, गाड्यांपासून दूर, फरशीवर नेऊन ठेवली. त्या रात्रीं अनर्थ टळला. परंतु त्या घरास बाहेर पडावयास एकच दार होतें, आणि बॅटरी नेमकी त्या दाराशीं होती, ही गोष्ट कोणाच्याहि मनांतून दोन दिवस गेली नाहीं.

आतां ह्यांत चुकलें कोणाचें? मुलानें भेट दिली ती प्रेमानें, शेजाऱ्यानें चार्जर दिला तोहि प्रेमानें. चुकली ती एक समजूत : लिथियमची बॅटरी म्हणजे शिशाचीच बॅटरी, फक्त हलकी. ही समजूत सोडून दिली म्हणजे बाकीचे सारे नियम आपोआप समजतात.

पहिली गोष्ट सांठ्याची. वेष्टनावर '१२' असें लिहिलेलें असतें, त्याचा अर्थ पुष्कळदां एवढाच कीं बारा अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी जितक्या जोरानें इंजिन फिरवील तितक्याच जोरानें ही फिरवील. तिच्या पोटांतील खरा सांठा चारच अँपिअर-तासांचा असूं शकतो. नांव सोनूबाई आणि हातीं कथलाचा वाळा, असा हा प्रकार. जोर आहे, शिल्लक थोडी. इंजिन सुरू करण्यास क्षणभरच वीज लागते, म्हणून रोजच्या वापरांत हें उणें जाणवत नाहीं. तें जाणवतें गाडी उभी राहिल्यावर. ट्रॅकर, घड्याळ, चोरघंटा हीं किल्ली काढल्यावरहि वीज पीत असतात. समजा, हें पिणें अवघें वीस मिलिअँपिअर आहे. चोवीस तासांत तें ०.४८ अँपिअर-तास होतें, आणि दहा दिवसांत ४.८. चारांतून ४.८ वजा जात नाहींत. बॅटरी आठव्या-नवव्या दिवशींच कोरडी पडते. नऊ अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी तेवढ्याच गळतीवर अठरा दिवस तग धरते. एवढा त्रैराशिकाचा हिशेब गांवीं जाण्यापूर्वीं कोणी केला असता तर पुढचें कांहींच घडलें नसतें.

म्हणून नियम असा : गाडी आठवडाभर किंवा अधिक काळ उभी राहणार असेल तर बॅटरीची तार सोडून ठेवावी. सोडतांना ऋण अग्राची तार आधीं सोडावी आणि जोडतांना तीच शेवटीं जोडावी. म्हणजे पाना चुकून गाडीच्या सांगाड्यास टेकला तरी ठिणगी उडत नाहीं. लिथियमची बॅटरी क्षणांत प्रचंड प्रवाह देते. दोन अग्रांवर पाना आडवा पडला तर तो लालबुंद होऊं शकतो; बोटांतली अंगठी व हातांतलें कडें काढूनच हें काम करावें. तार सोडलेली बॅटरी स्वतः फारच थोडी झिजते. कित्येक महिने ती भार टिकवून धरते. दीर्घ मुदतीसाठीं ठेवावयाची तर पूर्ण भरून ठेवण्यापेक्षां अर्ध्याहून थोडी अधिक भरलेली, थंड व कोरड्या जागीं ठेवावी, आणि दोन-तीन महिन्यांनीं तपासावी. येथें शिशाच्या बॅटरीचा स्वभाव अगदीं उलट आहे. ती नेहमीं तुडुंब भरलेली असावी लागते. अर्धवट रिकामी ठेवली तर तिच्या पत्र्यांवर गंधकाचे कठीण स्फटिक धरतात.

दुसरी गोष्ट मापनाची. शंभर-दोनशें रुपयांना मिळणारा साधा व्होल्टमापक घरीं असावा. परंतु त्याचे आंकडे जुन्या ओळखीनें वाचूं नयेत. शिशाची बॅटरी पूर्ण भरली म्हणजे विसाव्याच्या स्थितींत सुमारें १२.७ व्होल्ट दाखविते. लिथियम-फॉस्फेटच्या बॅटरींत सुमारें ३.३ व्होल्टचे चार घट एकापुढें एक जोडलेले असतात. ती भरलेली असतां १३.३ च्या आसपास दाखविते. म्हणजे जो १२.८ चा आंकडा पाहून शिशाच्या बाबतींत 'भरली' असें म्हणावें, तोच आंकडा लिथियमच्या बाबतींत तळ गांठल्याची खूण आहे. शिवाय तिचा दाब शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतो आणि मग एकाएकीं कोसळतो. शिशाची बॅटरी चार दिवस आधींपासून कण्हते. स्टार्टर मंदावतो, दिवा पिवळा पडतो. लिथियमची बॅटरी आदल्या दिवशीं ठणठणीत आणि दुसऱ्या दिवशीं मुकी. तिच्या कण्हण्यावर विसंबूं नये. महिन्यांतून एकदां, गाडी रात्रभर विसावल्यावर, सकाळीं माप घ्यावें.

तिसरी गोष्ट भरण्याची, आणि हीच सर्वांत महत्त्वाची. चार घटांच्या ह्या बॅटरीस भरतांना १४.६ व्होल्टच्या वर दाब देऊं नये. लिथियम-फॉस्फेटसाठीं बनविलेला चार्जर बॅटरी भरली कीं हात आखडता घेतो. शिशाच्या साध्या चार्जरचा दाब ह्या मर्यादेंत असेल तर क्वचित् प्रसंगीं निभावतें. पण ज्या चार्जरांत गंधकाचे स्फटिक फोडण्याची सोय असते, ते १५ व्होल्टच्याहि वरचे ठोके देतात. शिशाला तें औषध, लिथियमला तें विष. शेजाऱ्याच्या चार्जरवरची ती कळ हीच होती. कित्येक चार्जरांत ही क्रिया कळ न दाबतां आपोआपहि सुरू होते. म्हणून चार्जरवर लिथियम-फॉस्फेटचें नांव स्पष्ट लिहिलेलें असल्याखेरीज तो जोडूंच नये. प्रवाहहि बेताचा असावा. चार अँपिअर-तासांच्या बॅटरीस एक-दोन अँपिअर पुरेत. तीन-चार तासांत ती भरते. रात्रभर लावून निजण्याचें कारणच उरत नाहीं.

आणि जी बॅटरी पार कोरडी पडली आहे, तिचें काय? एकेका घटाचा दाब दोन व्होल्टच्या खालीं, म्हणजे सबंध बॅटरीचा आठाच्या खालीं गेला, कीं घटांतील तांब्याचा पातळ पत्रा विरघळूं लागतो. पुढें भरतांना तेंच तांबें नको त्या ठिकाणीं बसतें व आंतल्या आंत विजेची वाट जुळून घट तापूं शकतो. भाजीविक्रेत्यांच्या बॅटरीचें माप कोणी घेतलें असतें तर तें असेंच आठाच्या खालीं निघालें असतें. अशा बॅटरीवर औषधोपचार करूं नये. ती गेली असें समजावें. कांहीं बॅटऱ्यांत आंत एक रक्षक मंडल बसविलेलें असतें. सांठा तळाशीं आला कीं तें वाट बंद करतें आणि मापकावर शून्य दिसतें. अशी बॅटरी योग्य चार्जरनें पुन्हां जागी होते. आपल्या बॅटरींत हें मंडल आहे कीं नाहीं, हें विकत घेतांनाच विचारून ठेवावें. तसेंच कोरड्या बॅटरीची गाडी धक्का मारून सुरू करण्याचा मोहहि टाळावा. इंजिन चालूं लागलें कीं गाडीची वीज त्या उपाशी पेटींत एकदम लोटते आणि ती तापते.

चौथी गोष्ट खुद्द गाडीची. घरचा चार्जर क्वचित् लागतो. रोजचें भरण इंजिनच करतें, आणि त्या विजेस लगाम घालणारा रेग्युलेटर गाडींत असतो. तो बिघडला कीं दाब १५ च्या वर जातो. शिशाची बॅटरी असें कांहीं दिवस सोसते; लिथियमची सोसत नाहीं. म्हणून ही बॅटरी बसविण्यापूर्वीं मेकॅनिककडून इंजिन जरा वेगानें फिरवून बॅटरीच्या अग्रांवर माप घेववावें. तें सुमारें १३.८ ते १४.६ च्या दरम्यान आलें तर ठीक. न आलें तर आधीं दुरुस्ती, मग बॅटरी. जुन्या ६ व्होल्टच्या गाड्यांनीं तर ह्या बारा व्होल्टच्या बॅटरीच्या वाटेसच जाऊं नये.

हवेचाहि विचार केला पाहिजे. शून्य अंशाखालीं ही बॅटरी भरूं नये, कारण लिथियम घटांत मुरण्याऐवजीं पत्र्यावर धातूच्या रूपानें साचतो व घट कायमचा बिघडतो. पुण्यांत ही भीति नाहीं. जानेवारी १९३५ च्या विक्रमी थंडींतहि येथील पारा १.७ अंशांवर थांबला होता. परंतु पुण्याचे तरुण उन्हाळ्यांत मोटारसायकलीवरून लडाखला जातात, त्यांनीं हें लक्षांत ठेवावें. तेथें सकाळीं बटन दाबण्यापूर्वीं किल्ली देऊन दिवे मिनिटभर लावावेत. थोडी वीज वाहिली म्हणजे बॅटरी आंतून ऊब धरते, आणि पहिल्या प्रयत्नास न फिरणारें इंजिन दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नास फिरतें. पुण्यांत खरा शत्रु ऊन. चैत्र-वैशाखांत चाळीस अंशांच्या उन्हांत उभ्या गाडीची बैठक तापते आणि तिच्याखालची बॅटरी शिजते. तिनें ती लगेच मरत नाहीं, पण तिचें आयुष्य झपाट्यानें झिजतें. सावली हा ह्या बॅटरीचा सर्वांत स्वस्त उपचार आहे.

आतां आगीविषयीं, भीति न वाढवितां. २६ मार्च २०२२ रोजीं पुण्याच्या लोहगांव भागांत रस्त्याकडेला उभी असलेली एक विजेवर चालणारी स्कूटर पेटली, आणि त्याच वर्षीं सप्टेंबरांत सिकंदराबादेस विजेच्या स्कूटरींच्या दुकानांतून उठलेल्या आगीनें वरच्या मजल्यांवरील लॉजमध्यें माणसें दगावलीं. त्यानंतर अशा वाहनांच्या बॅटऱ्यांविषयींचे सुरक्षेचे नियम १ डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्यानें कडक करण्यांत आले. त्या बॅटऱ्या वाहन चालविणाऱ्या, म्हणून कित्येक पट मोठ्या. स्टार्टरची बॅटरी त्या मानानें चिमुकली आणि तिचें रसायनहि शांत. तरीहि तिच्यांतील द्रव ज्वालाग्राही आहे, आणि चुकीच्या भरणानें ती फुगते व तिची वाफ बाहेर पडते. म्हणून भरतांना ती फरशीवर ठेवावी. गादी, पडदा, कागद ह्यांपासून दूर, आणि घरच्या एकुलत्या दारापासूनहि दूर. माणसें जागीं असतांनाच भरावी. फुगवटा, गोड वास किंवा न सोसवणारी ऊब जाणवली तर मुख्य कळ बंद करावी. धूर नसेल तर ती उघड्यावर न्यावी; धूर निघूं लागला असेल तर तिला हात न लावतां माणसें बाहेर काढावीत, दार ओढून घ्यावें व १०१ ह्या क्रमांकावर अग्निशामक दलास कळवावें. तो धूर विषारी असतो. फुगलेली बॅटरी निवल्यावर बरी झाली असें समजून पुन्हां जोडणें, हा तर शुद्ध आत्मघात.

मेलेल्या बॅटरीची विल्हेवाट हाहि पालनाचाच भाग आहे. शिशाची जुनी पेटी भंगारवाला पैसे देऊन नेतो. त्या संवयीनें लिथियमची पेटीहि त्याच ढिगांत टाकली जाते. शिसें वितळविण्याच्या भट्टींत ती गेली तर स्फोट होऊं शकतो, आणि तेथें राबणारा मजूर भाजतो. २०२२ सालच्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनीं जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तेव्हां ती विकणाऱ्याकडेच परत द्यावी, आणि तोंपर्यंत तिच्या दोन्ही अग्रांवर चिकटपट्टी लावून ठेवावी.

शेवटीं प्रश्न उरतो तो हा कीं, ही बॅटरी घ्यावी कोणी? जो आपली गाडी जाणतो, जो माप घेतो, ज्यास वजन कमी करण्याचें खरोखर कांहीं कारण आहे, त्यानें ती अवश्य घ्यावी. नीट पाळली तर ती शिशाच्या बॅटरीपेक्षां अधिक वर्षें साथ देते. परंतु ज्याची गाडी दोन पोतीं भाजी वाहते, त्यास दोन किलो वजन कमी झाल्यानें काय लाभ? त्यास हवी ती शिल्लक आणि सहनशीलता. प्रसंगांतील भाजीविक्रेत्यांनीं मेकॅनिकला विचारलें, "आतां कोणती घालूं?" तो म्हणाला, "काका, तुमचें घड्याळ चारचें आहे. तुम्हांला आधीं कण्हून सांगणारी पाहिजे." त्यांनीं पुन्हां शिशाची बॅटरी बसविली. मुलानें आपल्या दूरच्या प्रवासाच्या मोटारसायकलीस मात्र लिथियमचीच घेतली. पण ह्या वेळीं आधीं रेग्युलेटरचें माप घेतलें, रक्षक मंडल असलेली निवडली, योग्य चार्जर सोबत आणला, आणि गाडी उभी ठेवतांना तार सोडावयाची हें भिंतीवरच्या कालनिर्णयांत दर महिन्याच्या पानावर लिहून ठेवलें. आजीनें तें वाचून विचारलें, "आणि बाबाच्या गाडीचें काय?" तेव्हां त्यानें त्याच पानावर दुसरी ओळ लिहिली : ट्रॅकरची तार, गांवीं जाण्यापूर्वीं.